साठावी ओळ

१

आपले काम मनुष्याने नेमाने करावे, म्हणजे त्यात देवपूजा आपोआप होते, असे वसंतराव मानीत. म्हणून कातळी तलावावरच्या दहा दिवसांच्या मुक्कामातही त्यांनी पहिल्याच पहाटे नेम बांधून घेतला. झुंजूमुंजू होताच उठायचे, बांधाखालच्या हातपंपावर स्नान करायचे, तुळजापुराहून सोबत आणलेल्या भवानीच्या तसबिरीपुढे दिवा लावायचा आणि मग पाण्यावर जायचे.

तलाव लोहारा आणि नळदुर्ग यांच्या मधल्या माळावर होता. बांधावर चौकीदाराची एक खोली होती. चौकीदार केव्हाच गेला होता. आत लोखंडी खाट, एक मेज आणि पाण्याकडे उघडणारी खिडकी. वारा पडला की दूर हमरस्त्यावरच्या ट्रकांची घरघर कानावर येई. तेवढीच काय ती माणसांची जाग. पत्नी वारल्यापासून घरीही वसंतरावांना याहून अधिक आवाजाची सवय राहिली नव्हती.

ते मत्स्य सर्वेक्षक होते. तलावातला रोहू संपत आला अशी ओरड होती. किती उरला, उरला तो वाढतो आहे की खंगतो आहे, हे पाहून त्यांनी अहवाल द्यायचा होता. मासा कमी निघाला तर तीन वर्षे जाळी बंद, नवी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, सोडायची आणि काठावरच्या अकरा घरांना तोवर दुसरे काम. पुरेसा निघाला तर जाळी चालू, आणि उरलासुरला मासाही समाप्त. अकरा घरांचे भवितव्य एका कागदावर ठरणार होते, आणि तो कागद वसंतरावांचा होता.

पद्धत साधी होती. संध्याकाळी जाळे लावायचे, सकाळी उचलायचे. प्रत्येक मासा मोजफळीवर ठेवून लांबी घ्यायची, काट्याला लावून वजन घ्यायचे, वयासाठी एक खवला काढून ठेवायचा, पोटाखालचा डावा पर कात्रीने कापून खूण करायची आणि मासा जिवंत सोडून द्यायचा. खुणेचे मासे पुढे जाळ्यात किती येतात, त्यावरून पाण्यातल्या एकूण माशांचा अंदाज बांधता येतो.

सोबतीला हरिबा होता. सत्तरीचा, वाळल्या बाभळीसारखा माणूस. गूळ करण्याची जुनी काहील हीच त्याची होडी.

"मासा न्हाय, साहेब," पहिल्या दिवशी जाळ्याला हात घालताना हरिबा म्हणाला. "दोन सालापास्नं आमी निसतं पानी गाळतोय. चहाची गाळणी घिऊन आलो असतो तरी चाललं असतं."

परंतु जाळ्यात सहा रोहू होते.

वसंतरावांनी पहिला मासा फळीवर घेतला, मोजला, तोलला, खवला काढला आणि कात्री हाती घेतली. कापायला पर नव्हता. पोटाखालचा डावा पर कोणीतरी आधीच, अगदी मुळाशी, सरळ कापलेला होता.

दुसऱ्याचाही. सहाही माशांचा.

"इथं मधे कुणी पाहणीला आलं होतं का, हरिबा?"

"तीन सालामागं तुमचीच पाहनी झाली म्हंत्यात की." हरिबा पाण्याकडे पाहत होता. "तुमीच कापलं असंल. तुमची कात्री, तुमची खूण. तुमाला ठावं."

वसंतरावांनी कात्री खाली ठेवली. तीन वर्षांपूर्वी त्यांनी कातळी तलावातला एकही मासा कापला नव्हता. ते तलावावर आलेच नव्हते.

२

खोटे बोलणारा मनुष्य घाबरतो, कारण समोरचा त्याच्याकडे पाहत असतो. खोटे लिहिणारा निवांत असतो. कागद कोणाकडे पाहत नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या आठवड्यात वसंतरावांना कोणतीही अडचण नव्हती. घरी आजार नव्हता, वरिष्ठांचा दबाव नव्हता, कोणी आमिषही दाखवले नव्हते. ऊन होते, एवढेच. तुळजापूरच्या घरी, दुपारचे जेवण आणि चार वाजताचा चहा यांच्या मधल्या वेळात, पंख्याखाली बसून त्यांनी कातळी तलावाची पाहणी पूर्ण केली. साठ मासे, साठ ओळी. प्रत्येक ओळीत लांबी, वजन, वय आणि खूण. पहिल्या माशाची लांबी सुचेना, तेव्हा भिंतीवरच्या वीजमीटरच्या क्रमांकाचे शेवटचे तीन अंक घेतले. पुढचे आकडे दिनदर्शिकेवरून, बसच्या तिकिटावरून, जसे मिळाले तसे. शेवटी शेरा लिहिला: 'वरील सर्व साठ खूण करून जिवंत सोडले. खोल पाण्यात मासा मुबलक.'

साक्षीदार म्हणून एका स्थानिक मच्छीमाराचा अंगठा लागे. यादीत पहिले नाव हरिबाचे होते. वसंतरावांनी स्वतःचा डावा अंगठा शाईत बुडवून त्या नावापुढे टेकवला. मग हात धुतले, आणि संध्याकाळी त्याच हाताने देवापुढे दिवा लावला.

मासेमारी बंद झाली नाही. मुबलक मासा कोणी का सोडावा? काठावरच्या उथळ पाण्यात काही मिळेना, तेव्हा लोक खोल पाण्याकडे गेले. त्यांत हरिबाचा धाकटा मुलगा धनाजी होता. एका सकाळी तलावाच्या सर्वांत खोल भागातल्या डोहावर त्याची काहील रिकामी तरंगताना सापडली. धनाजी सापडला नाही. हे वर्तमान वसंतरावांना मागाहून कार्यालयात कळले होते. त्यांनी हळहळ व्यक्त केली होती, आणि त्या दिवशी भवानीला नारळ वाहिला होता. कशासाठी, ते त्यांनी स्वतःला विचारले नव्हते.

३

दुसऱ्या सकाळी पुन्हा सहा रोहू. सहाही खुणेचे.

वसंतरावांनी त्यांतला एक उलटा करून उन्हात धरला. कापलेल्या जागी जखम भरलेली नव्हती. कडा लालसर आणि ओली होती, जणू कात्री आत्ताच उचलली आहे. मासे सोडून झाल्यावर खोलीत येऊन त्यांनी भिंगाखाली खवला पाहिला. खवल्यावर झाडाच्या खोडासारखी वर्तुळे असतात, वर्षाला एक. खूण तीन वर्षांपूर्वीची असेल, तर त्यानंतरची तीन वर्तुळे त्यावर असायला हवीत. ती नव्हती. एका ठिकाणी वाढ थांबली होती आणि पुढे काहीच नव्हते.

'उपासमार असेल,' ते स्वतःशी म्हणाले. 'अन्न नसले की वाढ खुंटते. जखमही भरत नाही.' हे कारण बरे होते. शास्त्रात बसणारे होते. त्यावर ते दुपारी जेवू शकले.

जेवण झाल्यावर त्यांनी कालच्या नोंदी स्वच्छ अक्षरात उतरवायला घेतल्या. पहिली ओळ लिहिली आणि लेखणी थांबली. लांबी एकेचाळीस पूर्णांक दोन.

चार, एक, दोन. तो आकडा त्यांनी बावीस वर्षे दर महिन्याला विजेच्या बिलावर पाहिला होता.

जुन्या अहवालाची प्रत त्यांच्या पिशवीत होती. नव्या पाहणीला जुनी जोडायची असा नियमच होता. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. पहिल्या दिवसाचे सहा मासे म्हणजे जुन्या अहवालाच्या पहिल्या सहा ओळी. दुसऱ्या दिवसाचे सहा म्हणजे सात ते बारा. लांबी तीच, वजन तेच, वय तेच, क्रमही तोच. एका बोटाचाही फरक नव्हता.

खिडकीबाहेर भर दुपारचे पाणी शिसे ओतल्यासारखे पडले होते. वसंतराव बराच वेळ त्याकडे पाहत राहिले, तेव्हा या तलावावर आल्यापासून काय खटकत होते ते त्यांच्या ध्यानी आले. बगळे नव्हते. जिथे मासा असतो तिथे बगळा असतोच. त्याला अहवाल लागत नाही. कातळी तलावाच्या काठावर, पार त्या टोकापर्यंत, एकही पांढरा ठिपका नव्हता.

४

मनुष्य एकटा असला की आपली बुद्धी हाच त्याचा सोबती, आणि तो सोबती फार विश्वासाचा नसतो. वसंतरावांनी नाना परींनी विचार केला. हरिबाने जुना अहवाल कोणाकडून वाचून घेऊन तसे मासे जाळ्यात घातले असतील. पण अहवालाबरहुकूम मासे आणायचे कुठून? आपणच मोजताना नकळत जुने आकडे वाचत असू. म्हणून तिसऱ्या दिवशी त्यांनी फळी हरिबापुढे सरकवली आणि दोऱ्याला गाठ मारून माप घ्यायला सांगितले. खोलीत येऊन गाठी मोजल्या. जुन्या अहवालाच्या ओळी तेरा ते अठरा. तंतोतंत.

"यातला एक घरी नेऊन पाहा," चौथ्या दिवशी ते म्हणाले.

"नेला व्हता काल, तुमाला न इचारता." हरिबा वल्हे मारीत राहिला. "मांजरापुढं टाकला. हुंगलंसुदिक न्हाय तिनं. पाठ करून बसली. वास न्हाय साहेब त्याला. मासा हाय आन् वास न्हाय, असं कुटं आसतंय व्हय?"

"मग काय केलंत त्याचं?"

"काय करनार? सांच्यापत्तुर भुईवर उड्या मारत व्हता. मरंना. घरधनीन म्हनली, आदी त्याला पान्यात नेऊन सोडा. सोडला."

वसंतरावांना शेरा आठवला. जिवंत सोडले.

त्या दिवसापासून खोलीत त्यांना एक आवाज ऐकू येऊ लागला. दुपारी, वारा पूर्ण पडलेला असताना, डोहाच्या बाजूने पाण्यावर काहीतरी थडकल्याचा. एकदा थडक, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा. मासा उसळी मारतो तेव्हा पाणी फुटते; हा आवाज तसा नव्हता. पाण्याच्या आतून कोणी दारावर थाप मारावी तसा तो होता. त्यांनी खिडकी लावून घेतली आणि स्तोत्र म्हणायला सुरुवात केली. मधल्या एका चरणावर ते अडखळले. जो चरण त्यांनी सातव्या वर्षी पाठ केला होता, तो त्यांना आठवेना.

५

सहाव्या संध्याकाळी त्यांनी एक गोष्ट केली. परीक्षा पाहावी या हेतूने केली, पश्चात्तापाने नव्हे; हे येथे नोंदवले पाहिजे.

जुन्या अहवालाची प्रत त्यांनी पुढ्यात घेतली. पुढच्या सकाळी सदतीस ते बेचाळीस या ओळी यायच्या होत्या. त्यांनी बेचाळिसाव्या ओळीवर आडवी रेघ ओढली, समासात 'खोटे' असा शब्द लिहिला आणि खाली सही केली. तीन वर्षांत त्यांनी त्या कागदावर लिहिलेला तो पहिला खरा शब्द होता.

सकाळी जाळ्यात पाच रोहू होते. सहाव्या जागी, जाळ्याच्या शेवटच्या हातभर भागात, एक सांगाडा अडकला होता. काटे चिखलाने काळे पडले होते, आणि डोक्याच्या कवटीत शेवाळ धरले होते. हरिबाने तो बोटांनी सोडवला आणि नाकाशी नेला.

"याला वास हाय," तो हळूच म्हणाला. मग वसंतरावांकडे बघत, "तुमी काय केलं, साहेब?"

"काही नाही."

"बरं," हरिबा म्हणाला. त्याने तो सांगाडा फेकला नाही. धोतराच्या सोग्यात बांधून घेतला.

वसंतरावांना आता मार्ग दिसत होता. साठही ओळींवर रेघा ओढल्या की झाले. परंतु मग नव्या अहवालात काय लिहायचे? मासा नाही, असे. आणि तीन वर्षांपूर्वीचे साठ मासे कुठे गेले, असे कोणी विचारले तर? निवृत्तीला आठ महिने उरले होते. उलट या साठ माशांचे आकडे जसेच्या तसे दिले, तर जुना अहवाल खरा ठरत होता. खूण केलेले मासे परत मिळाले. याहून चांगला पुरावा कोणता? त्यांचे खोटे स्वतःच्या पायांनी चालत त्यांच्या मदतीला आले होते. आठवा दिवस गेला, नववी सकाळ गेली. त्यांनी दुसरी रेघ ओढली नाही.

६

नवव्या दिवशी दुपारी हरिबाची बायको बानूबाई खोलीच्या उंबऱ्याशी आली. पदराखालून तिने प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला एक कागद काढला.

"साहेब, येवडं वाचून दावता का?"

"काय आहे, बाई?"

"धनाचा कागद हाय. भरतीला गेलता मिल्ट्रीत, तवाचा. मला वाचाया येत न्हाय. कुनी शिकलं-सवरलं मानूस आलं की म्या वाचून घेती. पोस्टमननं वाचला, इस्टीच्या कंडाक्टरनं वाचला." ती किंचित हसली. "ऐकाया बरं वाटतंय. त्याचं नाव दुसऱ्याच्या तोंडून येतंय न्हवं."

वसंतरावांनी चष्मा लावला आणि वाचू लागले. "धनाजी हरिबा. वय तेवीस. छाती, न फुगवता..." आवाज खाली गेला. "उंची, एकशे अडुसष्ट सेंटीमीटर. वजन, अठ्ठावन्न किलो."

"छातीत बाद झाला," बानूबाई म्हणाली. "उंचीत पास व्हता."

ती गेल्यावर त्यांनी जुना अहवाल उघडला. शेवटचे पान त्यांनी या नऊ दिवसांत कितीदा तरी पाहिले होते. साठावी ओळ भरताना चहाची वेळ झाली होती. एक लहानसा मासा दाखवून संपवावे, म्हणून लांबी सोळा पूर्णांक आठ आणि वजन अठ्ठावन्न ग्रॅम, किलोत .०५८, द्यायचे ठरवले होते. आजवर त्यांनी ते तसेच वाचले होते. हाताने न दिलेली टिंबे डोळा देत आला होता. आता टिंबे नव्हती. लांबी: १६८ सें.मी. वजन: ०५८ कि.ग्रॅ. खूण: डावीकडे कापले. शेरा: जिवंत सोडले.

वरिष्ठांच्या दोन सह्या त्याखाली होत्या. कोणीही वाचले नव्हते.

डोहाच्या बाजूने थडक ऐकू आली. एक. मग पुन्हा एक.

वसंतरावांनी तसबीर पिशवीत घातली आणि बांध उतरून ते फाट्यावर गेले. लोहाऱ्याकडे जाणारी जीप थांबली.

"बसा काका, जागा हाय," चालक म्हणाला. "तळ्यावर मासं मोजाया आल्यात ते तुमीच न्हवं? किती निगालं? का मोजून मोजूनच संपलं?"

मागे बसलेली माणसे हसली. वसंतरावांनी जीपच्या दांडीला हात घातला, आणि मनात हिशेब झाला: आपण गेलो तरी जाळे लावलेलेच आहे. उद्या सकाळी ते हरिबा एकटा उचलील.

त्यांनी हात सोडला. जीप गेली.

हरिबाच्या अंगणात उभे राहूनच त्यांनी सारे सांगितले. पंखा, चहा, वीजमीटर, अंगठा, साठावी ओळ. काही झाकले नाही, आणि क्षमाही मागितली नाही. ती मागण्याचा अधिकार आपल्याला नाही एवढे त्यांना कळत होते.

हरिबाने आपला डावा अंगठा पुढे केला. पेरावर कोयत्याचा जुना, आडवा वण होता.

"माझ्या ठशात रेघ येती, साहेब. मच्छीमार सोसायटीत कागद दावला तवाच म्या वळखलं, ह्यो अंगठा माझा न्हवं."

"मग बोलला का नाहीत?"

"साहेबाच्या कागदाम्होरं आमी काय बोलावं? पर धनाला बोललो. खोलात जाऊ नगं, मासा न्हाय तितं, म्हनलं." हरिबाने अंगठा मुठीत मिटला. "त्यो म्हनला, आप्पा, असं कसं? कागदावर तर तुमचाच अंगठा हाय की."

चुलीपाशी बसलेली बानूबाई उठली. तिने दोरीवर वाळत घातलेली, तीन वर्षांत कोणी न घातलेली एक बंडी काढली आणि पुन्हा बसून, नीट घडी घालून मांडीवर ठेवली.

७

दहाव्या सकाळी पाण्यावर धुके नव्हते. सगळे स्वच्छ दिसत होते, आणि तसे ते दिसू नये असे वसंतरावांना वाटत होते.

बानूबाई काठावर, गुडघाभर पाण्यात उभी राहिली. हरिबा आणि वसंतराव काहिलीतून डोहापर्यंत गेले. जाळे हाताहाताने वर येऊ लागले. एक रोहू. दुसरा. पाचवा आला आणि दोर ताणला गेला. काहील कलली.

"जड हाय," हरिबा म्हणाला. त्याच्या आवाजात भीती नव्हती. वसंतरावांना त्याचीच भीती वाटली.

वर न काढता त्यांनी जाळे पाण्यातूनच ओढत काठाच्या उथळाकडे आणले. मागे पाण्याखाली एक लांबट काळसरपणा सरकत येत होता. पाणी मांडीइतके झाले तसे हरिबाने काहील सोडली, तो पाण्यात उतरला आणि त्याने जाळे गोळा करायला घेतले.

जाळ्याच्या कप्प्यांतून एक हात बाहेर आला होता. वसंतरावांनी तेवढेच पाहिले. त्यापलीकडे पाहण्याचे धैर्य त्यांना झाले नाही. डावा हात. करंगळी मुळापाशी सरळ कापलेली, आणि कड लाल, ओली. मूठ उघडत होती आणि मिटत होती. कल्ले उघडावेत, मिटावेत तशी. सावकाश, न थांबता.

"धनाच्या हाताला पाची बोटं व्हती," हरिबा म्हणाला. मग वाकून, अगदी घरातल्या आवाजात, "धना. ऊठ. चल वर."

त्याने ते उचलू पाहिले. पाण्याबाहेर आले तेवढे अंग तडफडू लागले. पाणी चहूकडे उडाले, काहिलीवर थडथड आवाज उठला. वसंतरावांनी तो आवाज सहा दिवस ऐकला होता. हरिबाचे हात सुटले. पाण्यात जाताच सारे शांत झाले, आणि मूठ पुन्हा उघडू-मिटू लागली.

"वर काढू नगा," बानूबाई म्हणाली. ती जवळ आली होती. "त्याला वारा सोसंना."

"मग ऱ्हाऊ दे पान्यात. सोडू या परत," हरिबा घाईघाईने म्हणाला. "जित्ता हाय न्हवं? जित्ता तरी ऱ्हाईल. म्या रोज येत जाईन. साहेब, तुमी तेवडी ओळ खोडू नगा. तुमच्या पाया पडतो, ऱ्हाऊ द्या ती."

मेणकापडात गुंडाळलेला अहवाल वसंतरावांच्या हातात होता. दुसऱ्या हातात लेखणी होती. खरे लिहिले पाहिजे, हे त्यांना आयुष्यभर ठाऊक होते. खरे लिहिण्याने एखाद्या बापाचा मुलगा जाईल, अशी वेळ त्यांनी स्वतःच आणली होती. आता लिहिणे हे पाप होते आणि न लिहिणे हेही पापच होते.

बानूबाईने पाण्यात हात घातला आणि ती मूठ आपल्या दोन्ही तळव्यांत धरली. बराच वेळ धरली.

"गार हाय," ती म्हणाली. "तीन वर्सं असाच हाय व्हय ह्यो? अंधारात? ना हिकडं, ना तिकडं?" तिने वर पाहिले. "साहेब, खरं लिवा."

"बाने!"

"तुमी गप ऱ्हावा. म्या त्याची आई हाय. लिवा, साहेब."

हरिबाने काहिलीच्या कडेला कपाळ टेकवले. वसंतरावांनी साठाव्या ओळीवर रेघ ओढली. 'खोटे' हा शब्द लिहिला, खाली सही केली. मग पहिल्या पानापासून सुरुवात करून उरलेल्या अठ्ठावन्न ओळींवरही रेघा ओढल्या. एकही ओळ सुटली नाही.

लिहून झाल्यावर त्यांनी पाण्याकडे पाहिले नाही. दोर सैल पडला, हे त्यांच्या पायाला कळले. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा पाण्यावरून वास आला. चिखलाचा, जुन्या शेवाळाचा, तीन वर्षांचा.

बानूबाईने बंडी उलगडली आणि तिच्यात जे गोळा करायचे होते ते गोळा केले. ओझे फार झाले नाही.

८

नवा अहवाल एका पानाचा झाला. 'कातळी तलावात रोहू आढळला नाही. मासेमारी तीन वर्षे बंद करावी. या तलावाचा मागील अहवाल मी घरी बसून लिहिला असून तो सर्वस्वी खोटा आहे. साक्षीदाराचा अंगठा माझा आहे.' खाली हरिबाने आपला अंगठा टेकवला. ठशातून एक आडवी रेघ गेली होती. सोसायटीत आता कोणीही तो ओळखू शकले असते.

पुढे चौकशी लागली, आणि वसंतरावांनी तिच्यापासून अंग चोरले नाही. त्याआधी तलावावर धनाजीचे क्रियाकर्म झाले. ते आटोपून फाट्यावर जाताना त्यांनी मागे वळून पाहिले, तेव्हा काठावर एक बगळा उतरला होता. तो बराच वेळ पाण्याकडे पाहत उभा राहिला आणि काही न घेता उडून गेला.

तुळजापूरला पोहोचायला दुपार झाली. घरात कोणी नव्हते. कोणी असायचेही नव्हते. त्यांनी हातपाय धुतले, तसबीर जागेवर ठेवली, परंतु दिवा लावला नाही. आधी त्यांनी माळ्यावरची लोखंडी पेटी खाली ओढली. चौतीस वर्षांची नोकरी होती. उन्हाळेही चौतीस झाले होते.

पेटीतून त्यांनी एकेक अहवाल काढून बाजूला ठेवला. जे घरी बसून लिहिले होते ते त्यांना चाळल्याशिवायच ओळखू येत होते. त्यांचे कागद स्वच्छ होते, त्यांवर पाण्याचा एकही डाग नव्हता. कातळी सोडून सहा निघाले. सहा तलाव. प्रत्येकाच्या शेवटी तोच शेरा होता, त्याच वळणदार अक्षरात: सर्व जिवंत सोडले.

वसंतराव खिडकीपाशी, उजेडात बसले. लेखणी उघडली, सर्वांत वरचा अहवाल गुडघ्यावर घेतला आणि वजनाच्या रकान्यावरून बोट खाली खाली नेऊ लागले.

पहिल्या पानावर सगळी टिंबे जागच्या जागी होती.

त्यांनी पान उलटले.